पासबुक म्हणजे कोरा अंगठा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मटक्याचा आकडा आपल्या कापसातूनच निघाला, हे किती जणांना ठाऊक आहे? न्यूयॉर्कच्या बाजारातला कापसाचा उघडता आणि बंद होता भाव तारेने मुंबईला यायचा. त्या आकड्यावर पैज लागायची. ते आकडे बंद झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले. म्हणून नाव पडले मटका. कापूस पिकवणारा कर्जात राहिला, आकडा लावून घेणारा माडीवर गेला.

त्या जुगारासाठी कायदा होता 1887 सालचा. पोलीस अड्ड्यावर धाड घालत, बसलेला सापडे तो आत जाई. आता अड्डा पोराच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. धाड घालायची कुठे?

केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्यावर 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळवणाऱ्याला त्यात 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षे आणि 50 लाख. पैशाची देवघेव करून देणाऱ्यालाही 3 वर्षे. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम 112 मध्ये टोळीने चालवलेल्या बेकायदा सट्ट्याला 1 ते 7 वर्षे कैद आहे.

मग आपण सुटलो का? नाही. जुगाराचा आणि लुबाडणुकीचा पैसा फिरवायला बँकेचे खाते लागते. कुणी गोडबोल्या पारावर येतो. म्हणतो, ‘‘दादा, खातं नुसतं पडून आहे. पासबुक, एटीएम कार्ड अन् सिम द्या, महिन्याला पैसे घ्या.’’ पुढे कुठे तरी तक्रार होते. खेळवणारा परदेशात बसलेला. पोलिसांच्या कागदावर पहिले नाव येते तुमचे. खाते गोठते. कापसाचा चुकारा आणि पीकविम्याचे पैसे त्याच खात्यात अडकतात, आणि वर गुन्ह्यात साथ दिल्याचा आरोप.

सावकाराने कोऱ्या कागदावर अंगठा मागितला तर आज तुम्ही देणार नाही. पासबुक भाड्याने देणे हा तोच कोरा अंगठा आहे.

फसलात तर लाजू नका. लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार झाली, तर तो अडवता येतो.

आणि सरकारला आपले सांगणे एवढेच, की खातेदाराला धरून तपास संपवू नका. पैसा ज्याच्या घरी पोचला, त्याच्या दारापर्यंत जा.