दूरदृश्य संचाचे रूप आणि नजरभेट

(ग्रामीण कार्यकर्त्यांच्या एका प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



दूरदृश्य प्रणालीचा संच दिसायला कसा असावा, हा आजचा विषय प्रथमदर्शनी चैनीचा वाटेल. त्याचा विचार कारखानदारांनी करावा. कचेरी, शाळा आणि ग्रामपंचायत सांभाळणाऱ्या आपण त्यात का पडावे? याचे उत्तर मला एका वृद्ध बाईंनी दिले. तालुक्याच्या गावी त्या एका सुनावणीसाठी आल्या होत्या. अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी आणि बाई पडद्यासमोर. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "साहेबांनी ऐकलं म्हणता, पण एकदा तरी माझ्याकडं बघायचं होतं. सारा वेळ मान खाली!" वस्तुतः साहेब सारा वेळ त्यांच्याच चेहऱ्याकडे पाहत होते. परंतु चेहरा पडद्यावर खाली आणि कॅमेरा त्याच्या वर हातभर अंतरावर. दोष बाईंचा नव्हता, साहेबांचाही नव्हता. तो संचाच्या घडणीचा आणि मांडणीचा होता.

ही अडचण नवी नाही. अमेरिकेतील बेल टेलिफोन यंत्रणेने १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात 'पिक्चरफोन' हा चित्रदूरध्वनी लोकांपुढे ठेवला. ज्यांनी तो वापरून पाहिला, त्यांपैकी अनेकांची तक्रार होती, की यंत्र अवजड आहे, कळा गैरसोयीच्या आहेत आणि चित्र लहान आहे. या यंत्राच्या रूपावर हेन्री ड्रायफस यांच्या संस्थेने काम केले. माणसाच्या शरीराची मापे घेऊन त्यांवरून वस्तू घडवावी, हा ड्रायफस यांचा आग्रह होता. पुढच्या आवृत्तीत पडदा सुमारे साडेपाच इंच रुंद व पाच इंच उंच होता आणि कॅमेरा त्याच पेटीत, पडद्याच्या माथ्याशी बसविला होता. ३० जून १९७० रोजी पिट्सबर्ग शहरात ही सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. महिन्याचे भाडे १६० डॉलर होते. ग्राहक फारच थोडे मिळाले आणि सेवा गुंडाळावी लागली. देखणे रूपही परवडले नाही तर लोकांपर्यंत पोचत नाही, हा त्यातला पहिला धडा.

आता कायद्याकडे वळू. वस्तूच्या रूपालाही कायद्याचे संरक्षण मिळते. आपल्या देशात १९११ च्या कायद्याच्या जागी २००० सालचा डिझाइन कायदा आला. आकार, ठेवण, नक्षी, अलंकरण, रेषा वा रंग यांची जी रचना तयार वस्तूत डोळ्यांना भावते आणि केवळ डोळ्यांनीच पारखली जाते, तिची नोंदणी या कायद्याखाली होते. यंत्र चालते कसे, हा भाग तीत येत नाही. संरक्षण प्रथम दहा वर्षांचे असून ते आणखी पाच वर्षे वाढविता येते. अमेरिकेत तर अशा पेटंटाचा दावा एकाच वाक्याचा असतो. खरे बोलतात ती चित्रे. अखंड रेषेत काढलेला भाग दाव्यात मोडतो, तुटक रेषेतला सामान्यतः मोडत नाही.

शिक्षकबंधूंनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिझाइन नवे असावे लागते. एखाद्या विद्यार्थ्याने वस्तूला नवे रूप दिले आणि अर्ज करण्यापूर्वीच ते जाहीर केले, तर तो हक्क गमावण्याचा धोका असतो. म्हणून आधी अर्ज, मग प्रदर्शन.

कायद्याने रूप आणि कार्य यांची फारकत केली खरी. पण वापरणाऱ्याच्या अनुभवात ती तशी राहत नाही. सिस्को कंपनीने २००६ साली आणलेल्या एका प्रणालीत तीन मोठे पडदे शेजारी शेजारी होते आणि त्यांच्यापुढे अर्धेच मेज. उरलेले अर्धे मेज पडद्यात, पलीकडच्या मंडळींसमोर दिसे. दोन्ही पक्ष एकाच मेजाभोवती बसल्याचा भास होई. मेजाचा आकार ही म्हटले तर शोभा. पण तिनेच दुरावा कमी केला.

असा थाट आपल्या कचेऱ्यांना परवडणारा नाही, आणि त्याची गरजही नाही. तीन फुटांवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने फूटभर वरचा कॅमेरा सुमारे अठरा अंशांचा फरक पाडतो. तोच माणूस नऊ फुटांवर बसला तर फरक सहा अंशांवर येतो. म्हणून मोठ्या पडद्यापासून थोडे दूर बसावे. संगणक असेल तर समोरच्याची चौकट लहान करून कॅमेऱ्याखाली आणावी. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा आणि खिडकी पाठीशी न घेता समोर घ्यावी. नवा संच घेताना किमतीबरोबर ही घडणही पाहावी.

महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दूरदृश्य प्रणालीने साक्ष नोंदविण्यास मान्यता दिली. आज न्याय, शिक्षण आणि शासन या तिन्ही ठिकाणी माणूस पडद्यातून माणसापुढे उभा राहतो. आपले म्हणणे ऐकले गेले, ही खात्री त्याला आदेशाच्या प्रतीइतकीच समोरच्याच्या नजरेतूनही मिळत असते. त्या बाईंना ती मिळाली नाही. पुढच्यांना ती मिळावी, एवढी काळजी आपण सहज घेऊ शकतो.