शिष्टाई वेळेवर व्हावी



समेटाच्या प्रयत्नाला ‘कृष्णशिष्टाई’ म्हणण्याची रीत मराठीत रूढ आहे. ती शिष्टाई निष्फळ का ठरली, याचा विचार मात्र क्वचितच होतो. श्रीकृष्ण हस्तिनापुरास गेले तेव्हा दोन्ही बाजूंची सैन्ये जमू लागली होती. मध्यस्थ थोर होता. पण वेळ टळली होती. आज कुटुंब न्यायालयाची पायरी चढणाऱ्या अनेक दांपत्यांची कथा याहून वेगळी नाही.

आंध्र प्रदेशातील एक विवाह २५ एप्रिल १९९९ रोजी झाला. दोनच दिवसांत वडीलधाऱ्यांमध्ये भांडण जुंपले आणि वधू माहेरी परतली. पुढे तक्रारी, ४९८-अ कलमाखालील खटला, घटस्फोटाचा अर्ज, अपिले असे करीत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २२ फेब्रुवारी २०१३ रोजी घटस्फोट मंजूर झाला. पतीने १५ लाख रुपये कायम पोटगी द्यावी, असा आदेश झाला. तारुण्याची जवळजवळ चौदा वर्षे कज्ज्यात गेली. भांडण मुळात दांपत्याचे नव्हते, वडीलधाऱ्यांचे होते!

मुंबई उच्च न्यायालयात पूर्वी न्यायमूर्ती राहिलेल्या रंजना प्रकाश देसाई यांनी हा निकाल लिहिला. वैवाहिक वादाचे मूळ कारण पुष्कळदा क्षुल्लक असते, म्हणून मध्यस्थीचा प्रयत्न आरंभीच व्हावा आणि दावा दाखल होण्यापूर्वीही मध्यस्थी केंद्रांनी ती सोय करावी, असे त्यात म्हटले आहे. मात्र त्यामुळे ४९८-अ कलमाची धार बोथट होता कामा नये, असेही न्यायालयाने बजावले. हा इशारा मोलाचा आहे. जिथे मारहाण आहे, जिवाची भीती आहे, तिथे प्रथम संरक्षण. समेटाची भाषा त्यानंतर.

कायद्याने ही वाट पूर्वीच आखून दिली आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचे नववे कलम न्यायालयावर समेटाच्या प्रयत्नाचे कर्तव्य सोपवते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ८९ वे कलम १ जुलै २००२ पासून लागू झाले. २०२३ मध्ये संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही संमत केला.

मध्यस्थ निवाडा देत नाही. पंच आणि मध्यस्थ यांत हाच भेद आहे. तो दोघांना समोरासमोर बसवतो, वेगवेगळे भेटतो, ऐकून घेतो. तिथले बोलणे गोपनीय राहते. पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा आणि भेटी यांविषयी जे ठरेल ते दोघांच्या संमतीने लेखी होते आणि न्यायालयापुढे ठेवले जाते.

मध्यस्थी म्हणजे कसेही करून संसार टिकवणे, असा समज चुकीचा आहे. संसार सावरला तर उत्तमच. पण विभक्त होणे अटळ असेल, तर एकमेकांवर चिखलफेक न करता विभक्त होणे, हेही मध्यस्थीचे यशच होय. पती-पत्नीचे नाते संपते. आई-वडिलांचे संपत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात लहानग्याला दोघेही पाहायला हवे असतात.

म्हणून ज्येष्ठांवरील जबाबदारी मोठी आहे. मुलीचा किंवा मुलाचा रडवेला दूरध्वनी येताच ‘पाहून घेऊ’ म्हणणारे घर आगीत तेल ओतते. ‘दोघे बसून बोला, जमत नसेल तर मध्यस्थाकडे जा’ असे सांगणारे घर खरे वडीलपण निभावते. सैन्ये जमण्यापूर्वी झालेली शिष्टाईच फळाला येते.