विल्यम्सबर्गचं पार्किंग
(कोजागरीच्या रात्री गच्चीवर केलेलं भाषण)

दूध आटेपर्यंत बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलंय. तेव्हा चार दिवसांची सहल दहा मिनिटांत उरकते.

गेल्या वर्षी मी लेकीकडे व्हर्जिनियात रिचमंडला गेले होते. जावयांना जोडून सुट्टी मिळाली. "आई, नायगारा?" म्हणाले. नायगारा तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, मला फोटोही दाखवलेत. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. म्हटलं, मला इंग्रजांच्या जुन्या वसाहतीच्या जागा दाखवा. तासाभराच्या अंतरावर तीन निघाल्या : जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग, यॉर्कटाउन.

जेम्सटाउन १६०७ सालचं, इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत. यॉर्कटाउनला मला आपला कॉर्नवॉलिस भेटला. १७८१ मध्ये वॉशिंग्टनच्या आणि फ्रेंचांच्या फौजांनी त्याला तिथे कोंडलं. शरण यायच्या दिवशी त्याने आजारी असल्याचं कळवलं आणि हाताखालच्या अधिकाऱ्याला पुढे केलं. पाच वर्षांनी हाच माणूस गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात! त्याची १७९३ ची कायमधारा पद्धत मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली, पण तो आधी कुठे हरून आला होता हे एकाही वर्गाला सांगितलं नाही. पुस्तकात नव्हतं, म्हणून मीही नाही.

पण खरी सांगायचीय ती विल्यम्सबर्गची गोष्ट. १६९९ ते १७८० ही व्हर्जिनियाची राजधानी होती. पुढे गाव मागे पडलं. १९२६ च्या सुमारास तिथल्या गुडविन नावाच्या पाद्रींनी धाकट्या रॉकफेलरना गळ घातली, आणि त्यांच्या पैशातून अठराव्या शतकातलं गाव पुन्हा उभं राहिलं. ८८ मूळ इमारती दुरुस्त केल्या, बाकीच्या जुन्या पायावर नव्याने बांधल्या. मैलभर लांब मुख्य रस्ता, दिवसा त्यावर गाड्यांना बंदी. लोहार भाता मारतोय, केसांचे टोप करणारी बाई गिऱ्हाइकाशी बोलतेय, सगळे त्या काळच्या वेषात. गव्हर्नरच्या वाड्यात शिरलं की भिंतींवर बंदुका आणि तलवारी, नक्षी काढल्यासारख्या मांडलेल्या.

तिथे माझ्या आठ वर्षांच्या नातवाने विचारलं, "आजी, आपण तेव्हा असतो तर कुठल्या घरात राहिलो असतो?"

मी म्हटलं, "आपण पाहुणे म्हणून आलो असतो." त्याला काही ते पटलं नाही. वाड्यामागच्या स्वयंपाकघरात एक कृष्णवर्णीय बाई जुन्या पद्धतीचा स्वयंपाक समजावत होती. त्याने तोच प्रश्न तिला विचारला. ती म्हणाली, त्या वेळी या गावातली निम्म्याहून जास्त माणसं काळी होती आणि जवळजवळ सगळी गुलाम होती. मग चुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "मी इथे असते." तो गप्प झाला. मीही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नॅसॉ स्ट्रीटवर गेलो. तिथे कृष्णवर्णीयांचं एक बाप्टिस्ट चर्च होतं. गुलाम आणि स्वतंत्र अशा दोघांनी मिळून १७७६ पासून चालवलेली ती मंडळी. त्यांची विटांची इमारत १८५६ ची, म्हणजे वसाहतकाळानंतरची. गाव जतन करणाऱ्या संस्थेने ती विकत घेतली आणि १९५७ मध्ये पाडली. पुढे त्या जागेवर काय केलं असेल? पार्किंग! (हसू नका, आपल्या मागच्या तिन्ही वार्षिक सभा पार्किंगवरच संपल्यात.)

२०२० पासून त्याच संस्थेने चर्चच्या मंडळींना बरोबर घेऊन डांबराखाली उत्खनन केलं. पहिल्या प्रार्थनाघराचा पाया सापडला, १६ बाय २० फूट, आपल्या ऑफिसपेक्षा जरासा मोठा. आणि साठहून जास्त कबरी. कबरीतल्या माणसांविषयी शोध घ्यायचा की नाही, हे त्यांच्या वंशजांना विचारून ठरवलं गेलं. त्या मंडळींचं चर्च गावात आजही भरतं, दुसऱ्या इमारतीत.

परत आले तेव्हा या स्मरणिकेसाठी आपल्या सोसायटीचा इतिहास लिहून देऊन झाला होता. सुरुवात भूमिपूजनापासून. आमच्यासारख्या जुन्या सभासदांना आठवत असेल, आपलं पार्किंग आहे तिथे चिंच होती, आणि चिंचेखाली इस्त्रीवाल्यांचं घर. पायाचं काम सुरू झालं आणि ते गेले. मी स्वतः त्यांच्याकडे दोन वर्षं साड्या दिल्यात. तरी माझ्या चार पानांत ते कुठे नाहीत.

मी लेख परत मागून घेतलाय. संपादक म्हणतात, दोन ओळींची जागा काढतो. अडचण एवढीच की मला त्यांचं नाव आठवत नाही. म्हातारीला आम्ही नुसतं 'मावशी' म्हणायचो. कुणाकडे जुनी वही असेल, इस्त्रीचा हिशेब असेल, तर बघा. मजकूर पंधरा दिवसांत छापखान्यात जायचाय.