निदानाआधी उपचार नको : जुन्या लॅपटॉपची गोष्ट

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



दहावीची परीक्षा संपून मूल पी.यू.सी.ला गेले की घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. नवा घेणे झेपत नाही, म्हणून एखाद्या नातलगाचा किंवा एखाद्या कंपनीने वापरून विकलेला जुना लॅपटॉप घरी येतो. पहिले काही आठवडे कौतुकाचे जातात. मग एके दिवशी पडदा निळा होतो, किंवा यंत्र सुरू होता होता थांबते, आणि दुरुस्तीच्या दुकानात निकाल मिळतो : ‘फॉरमॅट मारावे लागेल.’ त्या एका वाक्यात मुलाने वर्षभर जमवलेली टिपणे, प्रकल्प आणि घरातील छायाचित्रे कायमची जाऊ शकतात. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो हाच.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचे भाग आणि यंत्र वापरणारा यांच्यामधला कारभारी. डिस्क, मेमरी, कळफलक, पडदा या सर्वांची कामे त्याच्या हातून होतात. साहजिकच कुठेही बिघडले तरी तक्रार त्याच्याच तोंडून ऐकू येते; पण दोष त्याचाच असतो असे नाही. एक साधे उदाहरण पाहावे. जुन्या लॅपटॉपवर एकाएकी प्रत्येक संकेतस्थळ ‘असुरक्षित’ दिसू लागते. घरचे म्हणतात, व्हायरस आला. खरे कारण पुष्कळदा निराळे असते. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी तीन व्होल्टची छोटी बटण-बॅटरी संपलेली असते. तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्या तारखेशी जुळत नाहीत. बॅटरी बदलून तारीख नीट केली की आजार संपतो. येथे फॉरमॅट मारून काहीच साधले नसते.

म्हणून पहिली पायरी दुरुस्तीची नव्हे, प्रत काढण्याची. म्हैसूरकरांना याचे मोल निराळे सांगायला नको. १९०५ मध्ये येथील प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्रावरील पोथी आली आणि १९०९ मध्ये तिचा मुद्रित पाठ प्रसिद्ध झाला. ताडपत्र नाशवंतच. जुने पान झडण्यापूर्वी कोणीतरी नव्या पानावर नक्कल करीत गेले, म्हणून असे ग्रंथ टिकले. लॅपटॉपची डिस्क हेही एक पानच आहे. ते झडण्याआधी त्यावरचा मजकूर दुसरीकडे उतरवला पाहिजे.

यंत्र सुरूच होत नसेल तर प्रत कशी काढावी, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर आठ जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये आहे. दुसऱ्या संगणकावर त्या पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स भरून घ्यावे आणि आजारी लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. आतील डिस्कला धक्का न लावता लिनक्स चालू होते, डिस्कवरील फायली दिसतात आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येतात. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवणे शहाणपणाचे. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल, तर यंत्र लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावे. अशा वेळी प्रत्येक नवा प्रयत्न डिस्कला आणखी दुखावतो.

दुसरी पायरी दोष वेगळा काढण्याची. तोच पेन ड्राइव्ह येथेही कामी येतो. त्यावरून यंत्र तासभर सुरळीत चालले, तर मेमरी, प्रोसेसर व पडदा बहुधा ठीक आहेत. संशय डिस्कवर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमवर जातो. पेन ड्राइव्हवरूनही यंत्र अडकले, तर दोष यंत्राच्या अंगात आहे. मग मेमरीची पट्टी काढून, पुसून पुन्हा नीट बसवावी. पंख्यातील धूळ काढावी, कारण प्रोसेसर फार तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो किंवा यंत्र बंद पडते.

तिसरी पायरी सर्वांत सोपी, पण सर्वांत जास्त मोडली जाणारी. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. प्रयोगशाळेत विद्यार्थी हीच शिस्त शिकतात. एकाच दुपारी मेमरी बदलली, ड्रायव्हर बदलला आणि दोन प्रोग्रॅमही काढून टाकले, तर यंत्र सुधारले तरी कशामुळे सुधारले ते कळत नाही. पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून.

यंत्र बंद न पडता केवळ संथ चालत असेल, तर कारण बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क आणि अपुरी मेमरी हे असते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि चार जीबी मेमरीची आठ केली, तर जुना लॅपटॉप ओळखू येत नाही इतका बदलतो. फॉरमॅटने आलेला वेग मात्र काही महिन्यांत ओसरतो.

या साऱ्यात आणखी एक अडचण आहे. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे अंगाने धडधाकट असलेले असंख्य लॅपटॉप निवृत्तीच्या रांगेत उभे राहिले. त्यांवर चोरीचे विंडोज चढवणे हा मार्ग नव्हे. ज्या ‘क्रॅक’ने ते चालते, त्याच्याच पोटात व्हायरस असू शकतो.

खुला मार्ग लिनक्सचा आहे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला. आज ते विनामूल्य मिळते आणि लिनक्स मिंट किंवा लुबंटू यांसारखी त्याची रूपे जुन्या यंत्रावरही चालतात. म्हैसूर जिल्ह्याला लागून असलेल्या केरळात सरकारी शाळांचे संगणक-शिक्षण कित्येक वर्षे लिनक्सवरच चालले आहे. सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांना सामावून घेणारी लिनक्स प्रणाली घडवली. तरीही घाई नको. मुलाला लागणारे एखादे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारे असू शकते. वाय-फाय, प्रिंटर व आवाज आधी पेन ड्राइव्हवरून तपासावेत आणि मगच निर्णय घ्यावा.

मराठी घरांना यात एक जास्तीचा लाभ आहे. लिनक्स व विंडोज या दोन्हींत इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो आणि त्यात भारतीय लिप्यांची मांडणी समान आहे. ज्या कळीवर देवनागरी ‘क’, त्याच कळीवर कन्नड ‘ಕ’ उमटतो. घरी मराठी लिहिणाऱ्या आणि बाहेर कन्नडमध्ये व्यवहार करणाऱ्या मुलाने बोटांना एकदा वळण लावले की दोन्ही भाषा हाती येतात.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. कपाटात पडून असलेला लॅपटॉप शाळेला किंवा एखाद्या गरजू मुलाला द्यायचा असेल, तर चार गोष्टी कराव्यात. स्वतःच्या फायली उतरवून घेऊन डिस्क पूर्ण पुसावी. आपले खाते यंत्रावरून काढावे. बायोसचा पासवर्ड असेल तर तो हटवावा, कारण तो राहिला तर चांगले यंत्रही पुढच्याला निरुपयोगी ठरते. आणि मूळ चार्जर बरोबर द्यावा. जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्या पालकांनीही पैसे देण्यापूर्वी याच गोष्टी तपासाव्यात आणि बिल मागून घ्यावे.

बिघडलेल्या यंत्रासमोर बसलेल्या मुलाला पालकांनी लगेच दुकानाची वाट दाखवू नये. आधी प्रत काढली का, दोष कुठे आहे ते पाहिले का, काय बदलले ते लिहिले का, हे तीन प्रश्न विचारावेत. यंत्र दुरुस्त होईल किंवा होणार नाही. पण कारण शोधल्याशिवाय उपाय करायचा नाही, ही सवय त्या मुलाला लागेल, आणि ती पुढे प्रत्येक कामात उपयोगी पडेल.