कुत्र्यांचं टेंडर: महापालिका नक्की कशाचे पैसे मोजते?

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. भटकी कुत्री. थांबा, लगेच बंद करू नका. "कुत्र्यांना खायला घालावं की घालू नये" हा वाद मी आज घालणार नाहीये. तो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज चालतो, तेवढा पुरे. मला बोलायचंय ते टेंडरबद्दल. कुत्री पकडणं, त्यांची नसबंदी करणं, लस देणं, परत सोडणं ही कामं महापालिका बहुतेक ठिकाणी स्वतः करत नाही, बाहेरच्या संस्थेला देते. त्या करारात पैसे कशाचे मोजायचे असं लिहिलेलं असतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. हे मला कळलं ते एका कुत्रीमुळे.

तिचं नाव भुरी. आमच्या गल्लीत चार वर्षं होती. आई तिला रोज संध्याकाळी शिळी पोळी घालायची. भुरी कोणाच्या अंगावर जायची नाही, पण दर सहा-आठ महिन्यांनी तिला पिल्लं व्हायची, आणि त्यातली अर्धी गाड्यांखाली जायची. शेवटी मीच महापालिकेच्या अॅपवर तक्रार नोंदवली, की या कुत्रीची नसबंदी करा. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्याच हाताने झाली.

आठवड्याभरात गाडी आली. दोन माणसं, एक जाळं, पाच मिनिटांत भुरी गाडीत. मी ऑफिसात होते. आईने फोन केला तेव्हा मी म्हटलं, "काळजी करू नकोस, ऑपरेशन करून परत आणून सोडतात." नियम तसाच आहे. जिथून उचललं, त्याच भागात परत सोडायचं.

नवव्या दिवशी अॅपवर मेसेज आला: तक्रार निकाली. भुरी मात्र आली नाही. दहाव्या दिवशी नाही, महिन्याने नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तिकीट बंद होणं आणि काम होणं यांतला फरक मला रोज भेटतो. पण आई संध्याकाळी पोळी घेऊन गेटपाशी उभी राहायची, तेव्हा तो फरक मला पहिल्यांदा दिसला.

आता गोष्टीचा दुसरा भाग. गल्लीतली जुनी कुत्री गेली की जागा मोकळी होते. कचरा तसाच असतो, चायनीजच्या गाडीमागची हाडं तशीच असतात. महिन्या-दीड महिन्यात कुठूनतरी दोन नवीन कुत्रे आले. त्यांना आम्ही अनोळखी आणि आम्हाला ते. एका रात्री त्यातल्या एकाने वॉचमनकाकांच्या मुलाला पोटरीला चावा घेतला. सात वर्षांचा मुलगा. जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली, तसाच रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेला. त्याच दिवशी इंजेक्शन, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल होती म्हणून जखमेत सिरमही द्यावं लागलं. त्या वेळी तो पोर ज्या आवाजात ओरडला, तो अजून माझ्या कानात आहे. रेबीज एकदा झाला की त्यावर उपचार नाही, म्हणून ही इंजेक्शनं टाळता येत नाहीत. काकांचे चार दिवसांचे पगार गेले. आणि मला सारखं वाटत होतं, ती तक्रार मी केलीच नसती तर?

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक पान. एका वर्षात आमच्या भागातून किती कुत्री उचलली, कुठून उचलली, कुठे सोडली, किती मेली, आणि करारनाम्याची प्रत. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मला अपील करावं लागलं, पण उत्तर आलं. स्कॅन केलेली वाकडी-तिकडी पानं. दोन शनिवार-रविवार घालवून मी ती सगळी एक्सेलमध्ये उतरवली.

त्यात काय दिसलं ते सांगते. पैसे प्रत्येक शस्त्रक्रियेमागे, ठरलेल्या दराने. त्याच दरात पकडणं, गाडी, भूल, ऑपरेशन, रेबीजची लस, नंतरची देखभाल आणि परत सोडणं. किती शस्त्रक्रिया झाल्या ते बारकाईने मोजलेलं होतं. म्हणजे काढलेले अवयव जपून ठेवायचे, ते मोजल्यावरच बिल मंजूर. फसवणूक होऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी अशीच पद्धत असते, आणि ती योग्यच आहे. पण "पकडल्याचे ठिकाण" या रकान्यात फक्त प्रभागाचं नाव. आणि "सोडल्याचे ठिकाण" या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच शब्द: "तेथेच".

तेथेच म्हणजे कुठे? आमच्या प्रभागात रेल्वे लाइनच्या दोन्ही बाजू येतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं लागतात. गल्लीचं नाव लिहिलेलंच नाही, तर सोडणारा माणूस, अगदी प्रामाणिक असला तरी, भुरीला आमच्या गल्लीत आणणार कसा? कोणी मुद्दाम वाईट वागलं असं मला म्हणायचं नाही. ज्या गोष्टीचे पैसे होते ती नीट मोजली गेली. ज्या गोष्टीचे नव्हते तिथे "तेथेच".

हे काही नवीन नाही, बरं का. १८३२ सालच्या मुंबईत जाऊ. ब्रिटिश सरकारने उन्हाळ्यात बेवारस कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता, आणि पोलिसांना दर कुत्र्यामागे आठ आणे मिळायचे. आठ आणे तेव्हा लहान रक्कम नव्हती. मग काय झालं असेल? बेवारस कुत्री शोधत फिरण्यापेक्षा लोकांच्या दारातली, घरातली कुत्री उचलणं सोपं. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. जून महिन्यात ते रस्त्यावर उतरले आणि फोर्ट भागात दंगल झाली. हुकुमामागचा हेतू काहीही असो, माणसं आठ आण्यांच्या मागे धावली.

न्यू यॉर्कमध्येही एकोणिसाव्या शतकात कुत्रं पकडून आणणाऱ्याला बक्षीस मिळायचं, आणि तिथेही लोकांची पाळलेली कुत्री चोरीला जायची. पुढे १८९४ मध्ये हे काम प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एएसपीसीए या संस्थेकडे आलं. ही संस्था हेन्री बर्ग यांनी १८६६ मध्ये स्थापन केलेली. तिने ते काम शंभर वर्षं केलं आणि १९९४ च्या अखेरीस सोडून दिलं. शहराकडून मिळणारा पैसा पुरत नव्हता, आणि प्राणी वाचवण्यासाठी निघालेली संस्था प्राणी मारण्याच्या कामात अडकली होती. त्यानंतर शहराला वेगळी संस्था उभी करावी लागली. म्हणजे चांगल्या हेतूची संस्था आणली की प्रश्न सुटला, असंही नाही. करार चुकीचा असेल तर चांगली माणसंही त्यात पिचतात.

हे मला प्रत्यक्षही दिसलं. मी आमच्याकडच्या नसबंदी केंद्रावर जाऊन आले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. तिथे एक डॉक्टर, तीन मदतनीस आणि भुंकण्याने डोकं उठेल इतका आवाज. डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं, की बिल निघायला कित्येक महिने लागतात, डिझेल रोज लागतं. एकाच गल्लीतली शेवटची, हुशार झालेली कुत्री पकडायला सकाळ जाते. तेवढ्या वेळात दुसरीकडे सहज हाती येणारी पाच मिळतात. मग पोरं कुठे जाणार? मी गप्प बसले. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

आणि नेमकी इथेच सगळी योजना फसते. एखाद्या भागातली साधारण ७० टक्के कुत्री थोड्या काळात नसबंदी आणि लसीकरण झालेली असतील, तरच संख्या आणि रेबीज आटोक्यात येतो, असा ढोबळ नियम आहे. कुत्रीचा गर्भकाळ दोन महिन्यांचा आणि वर्षातून दोनदा पिल्लं होऊ शकतात. संथ गतीने गेलात की मागे पडलात.

सोपं गणित करू. समजा शहरात दहा भाग, प्रत्येकात हजार कुत्री. वर्षाला ७०० शस्त्रक्रियांचे पैसे आहेत. सगळीकडे थोड्या थोड्या वाटल्या तर प्रत्येक भागात ७० होतील. म्हणजे ७ टक्के. फरक शून्य, उरलेली कुत्री ती भर सहज भरून काढतात. त्याच ७०० एकाच भागात केल्या तर ७० टक्के. पुढच्या वर्षी शेजारचा भाग. खर्च तोच, बिल तेच, अवयवांची मोजणीही तीच. एका पद्धतीत फरक पडतो, दुसरीत पैसे वाहून जातात. आणि दर शस्त्रक्रियेमागे पैसे देणाऱ्या कराराला या दोन्हींतला फरक दिसतच नाही.

आता कोणी म्हणेल, हे नसबंदीचं सोडा, सगळ्यांना उचलून निवारा केंद्रात ठेवा. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी जवळपास तसाच आदेश दिला होता. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला: नसबंदी आणि लस देऊन त्याच भागात सोडा, रेबीजची बाधा झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळून. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा जागांमधली कुत्री परत तिथे सोडू नयेत असं सांगितलं. म्हणजे निवारा केंद्रांचीही टेंडरं येणार.

तिथलं गणितही बघा. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री नोंदली गेली. ते सोडा, फक्त दहा हजार घ्या. एका कुत्र्याला दिवसाला ५० रुपये धरले, हा माझा अंदाज आहे, तर वर्षाला १८ कोटी २५ लाख. दर वर्षी. आणि पैसे दर कुत्र्यामागे दर दिवसाचे असतील, तर कागदावर कुत्री भरपूर आणि वाडग्यात अन्न कमी, हा मोह कोणाला होणार नाही? आपल्याकडे कोंडवाड्यांची अवस्था काय असते ते बघितलंय आपण.

मग काय करायचं? मी प्राण्यांची डॉक्टर नाही. पण व्हेंडरचे करार वाचायचं काम रोजचं आहे, त्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

एक, बिलाचा काही भाग शस्त्रक्रियेवर आणि काही भाग भाग पूर्ण होण्यावर द्या. अमुक प्रभागात दहातल्या सात कुत्र्यांच्या कानाला खाच दिसली, की मग उरलेले पैसे. दोन, ती खाच मोजायला तिसरा कोणीतरी पाठवा, काम करणारा नको आणि बिल मंजूर करणाराही नको. तीन, पकडताना आणि सोडताना फोटो आणि ठिकाण मोबाइलवर नोंदवा. गळ्यात नंबर घालायचा नियम आहेच, त्या नंबराला ही दोन ठिकाणं जोडा. यात काही मोठं तंत्रज्ञान नाही, डिलिव्हरीवाला पोरगा दिवसाला चाळीस वेळा हेच करतो. चार, बिलं वेळेवर द्या. उशिरा पैसे देणाऱ्याला चांगलं काम मागायचा हक्क राहत नाही.

आणि आपण? तक्रार केलीत की तिथेच थांबू नका. गाडी आली की कुत्र्याचा फोटो काढा, पट्ट्याचा नंबर लिहून घ्या, आणि सोडायला कधी येणार ते विचारा. माझं हे राहून गेलं.

मागच्या महिन्यात त्या दोन नव्या कुत्र्यांसाठी गाडी आली. या वेळी मी सुट्टी घेतली. नंबर घेतले, गल्लीचं नाव मदतनिसाच्या वहीत माझ्या हाताने लिहिलं. सातव्या दिवशी दोघंही परत आले, कानाला खाच घेऊन. वॉचमनकाकांचा मुलगा अजून त्यांच्या जवळ जात नाही, आणि त्याला कोणी जा म्हणतही नाही. आई त्यांना पोळी घालते, पण गेटच्या बाहेर, लांबून.

भुरीचं काय झालं ते कळलं नाही. माझ्या एक्सेलमध्ये तिची ओळ आहे. मादी, तपकिरी, लस दिली, सोडल्याचे ठिकाण तेथेच.

तुमच्या गावात, शहरात हे काम कोणाला दिलंय आणि पैसे कशाचे मोजतात, हे शोधून मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.