नाकाबंदी, झडती आणि नागरिक

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे निमित्त माझ्या शेजारीच घडले. आमच्या सोसायटीतील एक तरुण रात्रपाळी आटोपून दुचाकीने घरी परतत होता. चौकात नाकाबंदी होती. परवाना पाहून झाला, गाडीची कागदपत्रे पाहून झाली. मग खिसे तपासले गेले आणि शेवटी "मोबाईल उघडून दे" असे फर्मान सुटले. दहा मिनिटे त्याचे संदेश आणि घरच्या समारंभाची छायाचित्रे चाळून झाल्यावर "जा आता" म्हणून त्याला सोडण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील मला म्हणाले, "पोलिसांशी हुज्जत घालू नये. ज्याचे मन स्वच्छ, त्याला झडतीचे भय कशाला?" आईने मात्र विचारले, "त्याने काही केलेच नव्हते, तर त्याचे खिसे तपासण्याचा अधिकार यांना दिला कोणी?"

वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे प्रथम मान्य करू या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीच होती. हातात केवळ लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी शत्रूच्या बंदुकीची नळी पकडून ठेवली, गोळ्या झेलल्या, आणि म्हणून कसाब जिवंत हाती लागला. ज्या शहराने ती रात्र पाहिली, त्याने नाकाबंदीकडे उपद्रव म्हणून पाहणे कृतघ्नपणाचे ठरेल. तेव्हा वाहन थांबवताच थांबावे, विचारलेल्या प्रश्नाला सभ्यपणे उत्तर द्यावे, हे नागरिकाचे कर्तव्यच आहे.

परंतु आईच्या प्रश्नालाही उत्तर आहे, आणि ते कायद्याच्या पुस्तकात आहे. पोलिसांचा अधिकार गणवेशातून येत नाही. तो कायद्याच्या कलमातून येतो. कलम जेथे संपते, तेथे अधिकारही संपतो.

प्रथम ओळखीचा प्रश्न घेऊ. भारतीय नागरिकाने सदैव ओळखपत्र बाळगलेच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. आधार कार्ड खिशात नाही, हा गुन्हा नव्हे. वाहनचालकाची गोष्ट वेगळी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३० अन्वये गणवेशातील पोलिसाने मागताच परवाना दाखवावा लागतो. २०१८ च्या नियमदुरुस्तीनंतर तो डिजिटल स्वरूपातही चालतो. नाव-पत्ता सांगण्यास नकार दिला म्हणून अटक करण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ मध्ये आहे. (ही संहिता १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली.) मात्र त्या कलमालाही अट आहे. पोलिसासमक्ष अदखलपात्र गुन्हा केलेल्या किंवा तसा आरोप असलेल्या व्यक्तीलाच ते लागू होते, आणि खरे नाव-पत्ता कळताच बंधपत्रावर तिची सुटका करावी लागते. वाटेने जाणाऱ्या प्रत्येकासाठी ते कलम नाही.

ओळख पटवणे हे उभयपक्षी असते, हेही ध्यानात ठेवावे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात बजावले. आज नव्या संहितेच्या कलम ३६ मध्ये ते बंधन समाविष्ट आहे.

आता अंगझडती. अटक झालेल्या व्यक्तीची झडती कलम ४९ खाली घेता येते; काढून घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी लागते. एखाद्या जागेची झडती चालू असताना तेथील व्यक्तीने ती वस्तू अंगावर दडवल्याचा रास्त संशय असेल, तर कलम १०३ खाली तिचीही झडती घेता येते. चोरीचा माल असल्याचा प्रामाणिक संशय आला, तर रस्त्यावरील माणसाजवळची वस्तू तपासण्याची मुभा महाराष्ट्र पोलीस अधिनियम देतो. या सर्व तरतुदींत एक शब्द समान आहे : कारण. अटक, रास्त संशय, प्रामाणिक संशय. "सहज पाहू या" हे कारण कायद्याला ठाऊक नाही. आणि स्त्रीची झडती केवळ स्त्रीनेच, शालीनतेचे पूर्ण भान राखून घ्यायची, याला अपवाद नाही.

मोबाईलचेही तेच. तपासासाठी उपकरण हवे असेल, तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने कलम ९४ खाली लेखी आदेश द्यावा. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल, तर कलम १०६ खाली ते जप्त करून दंडाधिकाऱ्याला कळवावे. कलम १०५ नुसार तर झडती व जप्तीचे चित्रीकरणही आता आवश्यक आहे. वाटसरूचे खाजगी संदेश, कोणत्याही गुन्ह्याचा संबंध नसताना, चौकात उभे राहून चाळण्याचा सर्वसाधारण अधिकार संहितेने कोणालाही दिलेला नाही.

कोणी म्हणेल, या मर्यादांमुळे गुन्हेगारांचे फावते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याचे उदाहरण घ्या. त्याच्या कलम ५० नुसार, अंगझडतीपूर्वी संशयिताला सांगावे लागते की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेतली जाण्याचा तुला हक्क आहे. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की, हे न सांगता केलेल्या झडतीत सापडलेल्या मालावरच शिक्षा आधारलेली असेल, तर ती टिकणार नाही. २०१० मध्ये विजयसिंह जडेजा खटल्यात दुसऱ्या घटनापीठाने हे पालन काटेकोरच हवे, असे सांगितले. एका वाक्याच्या आळसापायी विषाचा व्यापारी सुटतो, तेव्हा नुकसान आपल्या मुलाबाळांचे होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बेकायदा झडतीत सापडलेला प्रत्येक पुरावा आपल्याकडे आपोआप बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पूरण मल खटल्यात तसे स्पष्ट केले आहे. म्हणूनच केवळ न्यायालयावर विसंबून चालत नाही. मर्यादा पाळली जाते ती रस्त्यावर, पोलीस आणि नागरिक या दोघांच्या जागरूकतेने.

या सभागृहात आणीबाणीतील कारावास सोसलेले काही ज्येष्ठ बसले आहेत. कारण न सांगता दारावर पडणारी थाप म्हणजे काय, हे त्यांना मी सांगणे नको. त्या काळात, १९७६ मध्ये, जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदिवानांना दाद मागण्याचे दारच बंद केले. ती चूक दुरुस्त व्हायला चार दशके लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले आणि त्याच निकालात जबलपूरचा निर्णय मोडीत निघाला. सत्ता कोणाचीही असो, अधिकाराला मर्यादा असावी, हा धडा आपण मोल देऊन शिकलो आहोत. तो विसरणे आपल्याला परवडणारे नाही.

मग त्या तरुणाने काय करायला हवे होते? वाद घालायचा नव्हता, पळायचे नव्हते, आवाजही चढवायचा नव्हता. परवाना दाखवावा, नाव सांगावे आणि मग शांतपणे विचारावे, "साहेब, माझ्यावर कशाचा संशय आहे? झडती कोणत्या कारणासाठी?" कारण सांगितले गेले, तर सहकार्य करावे. सांगितले गेले नाही, तर मोबाईल उघडण्यास सभ्य शब्दांत असहमती दर्शवावी. अंगाला झोंबाझोंबी कदापि करू नये. नाव, वेळ, ठिकाण लक्षात ठेवावे आणि वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. ठाण्यात नेलेच, तर अटकेचे कारण जाणून घेण्याचा, नातलगांना कळवले जाण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले जाण्याचा हक्क त्याला आहे.

त्या वडिलांना मी शेवटी एवढेच म्हणालो, "मन स्वच्छ असलेल्याला झडतीचे भय नसावे, हे खरे. पण मन स्वच्छ असलेल्या पोलिसालाही 'कारण काय?' या प्रश्नाचे भय नसावे." ते क्षणभर थांबले आणि मुलाला म्हणाले, "पुढच्या वेळी विचार. पण नम्रपणे विचार."

यापेक्षा वेगळे मला आपल्यालाही सांगायचे नाही.