अंगावर उठणारे पुरळ : घरी काय करावे, काय टाळावे
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागे एका मेळाव्यात भाषणे आटोपल्यावर मागच्या रांगेतील एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "बाई, घरात चौघांना खाज सुटली आहे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कपाशीवर मारायचे औषध थोडे शिल्लक आहे. पाण्यात घालून अंगाला लावले तर चालेल काय?" काही लोक हसले. मला हसू आले नाही. त्यांनी निदान विचारले तरी. न विचारता लावणारे आपल्याकडे कमी नाहीत.

त्यांना दिलेले उत्तर आधी येथे सांगते. पिकावरचे कीटकनाशक अंगाला किंवा डोक्याला कधीही लावू नये. खरजेसाठी डॉक्टर पर्मेथ्रिनचे मलम देतात आणि ते सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातील आहे हे खरे. गटाचे नाव ओळखीचे वाटले म्हणून शेतातले औषध चालते असे मात्र नाही. मलम माणसाच्या कातडीसाठी ठरावीक प्रमाणात बनवलेले असते, तर फवारणीच्या औषधात विषाचे प्रमाण वेगळे असून त्यात कातडीला न मानवणारे द्रावकही असतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे तर धडधाकट कातडीतूनही अंगात मुरतात. खाजवून सोललेली कातडी, जांघ आणि डोके येथून ती अधिक लवकर शिरतात. लहान मुलांना धोका सर्वांत जास्त.

मग करावे काय? त्यासाठी पुरळ कशाने उठले हे आधी ओळखावे लागते. सगळे पुरळ एका जातीचे नसते, म्हणून एकच पाला सगळ्यांना लागू पडत नाही.

गाजर गवताची खाज

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. आपल्या राज्यात १९५५ साली पुणे येथे त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याचे काही लोकांना वावडे होते.

हे वावडे पहिल्याच दिवशी होत नाही. "मी दहा वर्षे हातानेच उपटतो, मला काही होत नाही," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण वारंवार संपर्क येऊन एकदा वावडे बसले की ते सहसा जात नाही. मग गवताला हात न लावताही, नुसत्या वाऱ्याने उडणाऱ्या भुकटीने त्रास होतो. पापण्या, मानेच्या बाजू, कोपराची लवण अशा ठिकाणी कातडी लाल होते, खाजते, पुढे जाड व काळपट पडते. काहींना नंतर उन्हानेही त्रास वाढतो.

येथे घरगुती उपाय म्हणजे मुख्यतः टाळणे. फुलोऱ्यापूर्वीच, जमीन ओली असताना, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून गवत मुळासकट उपटावे. ज्याला आधीच त्रास आहे त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. रानातून आल्याबरोबर साबणाने अंग धुवावे, कपडे बदलावेत आणि ते घरातील इतर कपड्यांत मिसळू नयेत. गवत पडीक जागेत माजले असल्यास मेक्सिकन भुंगे सोडण्याचा मार्ग आहे. हे भुंगे आपल्या देशात १९८४ साली बंगलोर भागात प्रथम सोडण्यात आले. पावसाळ्यात ते गवताची पाने फस्त करतात.

बिब्बा, काजू आणि आंब्याचा चीक

बिब्बा, काजू व आंबा ही एकाच कुळातील झाडे आहेत. बिब्ब्याचे तेल, काजूच्या टरफलातील तेल आणि आंब्याच्या देठाचा चीक यांनी कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. पायात काटा मोडला, टाच दुखली की बिब्ब्याचा चटका देण्याची रीत आपल्याकडे आहे. बिब्बा उतला की मूळ दुखणे राहते बाजूला आणि फोडांचाच उपचार करावा लागतो. हा उपाय सोडून द्यावा.

चीक किंवा तेल लागल्यास ती जागा ताबडतोब साबण व भरपूर पाण्याने धुवावी. चोळू नये. हात धुण्यापूर्वी डोळ्यांना, तोंडाला लावू नयेत. कातडी फुटलेली नसल्यास नंतर खोबरेल तेल लावण्यास हरकत नाही. आंबा उतरवताना देठ राखून उतरवला तर फळही डागळत नाही आणि हातही वाचतो.

खाजकुयली, सुरवंट आणि सुरण

खाजकुयलीच्या शेंगेवरील लव व सुरवंटाचे केस कातडीत रुततात. खाजवले की ते आणखी आत जातात व पसरतात. म्हणून प्रथम हात आवरावा. चिकटपट्टी त्या जागेवर दाबून अलगद उचलावी. तीन-चार वेळा असे केल्यास बरीच लव निघून येते. चिकटपट्टी नसल्यास मळलेल्या कणकेचा गोळा दाबून उचलावा. नंतर पाण्याने धुऊन थंड पाण्याची घडी ठेवावी. डोळ्यांत केस गेल्यास न चोळता पाण्याने धुवावे व डॉक्टरांना दाखवावे.

सुरण व अळू यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते हाताला टोचतात. चिरण्यापूर्वी हाताला तेल लावावे, नंतर चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्याने हात धुवावेत. हे आपल्या आजीचे शहाणपण असून ते चांगले आहे.

फवारणीनंतर होणारी आग

फवारणी झाल्यावर मान, मनगट, जांघ किंवा पाठ चुरचुरत असेल तर ते साधे पुरळ समजू नये. पंप गळून पाठ भिजली असल्यास काम अर्धे राहिले तरी चालेल, पण कपडे तेथेच उतरवावेत व साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटे अंग धुवावे. तेल, तूप किंवा मलम लावू नये. बरीच औषधे तेलात विरघळतात, त्यामुळे तेल चोळल्याने ती कातडीवर अधिक पसरतात.

आगीबरोबर मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, छातीत दाटणे यांपैकी काहीही असल्यास ती विषबाधा समजावी. घरी उपचार करत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर न्यावी. कोणते विष आहे हे कळले तर डॉक्टरांना योग्य उतारा लवकर देता येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. डब्यावरील त्रिकोण पाहण्याची सवय ठेवावी. लाल त्रिकोण अतितीव्र विषाचा, त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा.

नायटा आणि खरूज

वरील सर्व त्रास संसर्गजन्य नाहीत. नायटा व खरूज मात्र एकापासून दुसऱ्याला होतात.

नायटा हा बुरशीचा रोग आहे. जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा उठतो. त्याची कड लाल व उठावदार असून मध्यभाग निवळलेला दिसतो. टाकळ्याला संस्कृतमध्ये दद्रुघ्न, म्हणजे नायट्याचा नाश करणारा, असे नाव आहे. पण चट्टे पसरलेले असल्यास पाल्यावर विसंबून महिने घालवू नयेत. दुकानातून आणलेल्या मिश्र मलमांपासून विशेष सावध राहावे. त्यांत बहुधा स्टिरॉईड असते. त्याने चार दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आत वाढत राहते, चट्टे पसरतात व कातडी पातळ पडते. २०१८ साली केंद्र शासनाने अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करू नये असे ठरवले, ते याच कारणाने. घरी करायचे ते एवढेच : ओले कपडे अंगावर ठेवू नयेत, जांघ कोरडी ठेवावी, सैल सुती कपडे वापरावेत, ते उन्हात उलटे करून वाळवावेत आणि प्रत्येकाचा पंचा वेगळा असावा.

खरूज हा सूक्ष्म किडीचा रोग आहे. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला बारीक पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरातील एकापेक्षा जास्त माणसांना त्रास ही त्याची खूण. त्या गृहस्थांच्या घरी बहुधा हीच होती. खरजेचे मलम डॉक्टरांकडून घ्यावे व मानेपासून तळपायापर्यंत सर्व अंगाला लावावे. घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी लावावे. एकट्यानेच लावले तर महिन्याभरात खरूज पुन्हा घरात फिरते. अंथरूण-पांघरूण व कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. आठवड्याने मलम पुन्हा लावावे लागते. उपचारानंतरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते. म्हणून घाबरून रोज मलम लावू नये.

घरातले उपाय : कोणते ठेवावेत, कोणते सोडावेत

भगिनींनो, उपाय निवडताना एक सोपा नियम लक्षात ठेवा. पुरळ ओले, पाझरणारे असेल तर ओला उपचार करावा. कातडी कोरडी, फुटलेली असेल तर तेलाचा उपचार करावा.

पाझरणाऱ्या पुरळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या फार गुणकारी असतात. एक लिटर पाणी उकळून त्यात चहाचा दीड चमचा मीठ घालावे व पूर्ण गार होऊ द्यावे. स्वच्छ सुती कापड त्यात भिजवून १५ ते २० मिनिटे ठेवावे. दिवसातून तीन-चार वेळा असे करावे. कोरड्या कातडीवर अंघोळीनंतर लगेच, अंग किंचित ओले असताना, खोबरेल तेल लावावे. घामोळ्यांवर तेल लावू नये, त्याने घामाची छिद्रे बुजतात. तेथे गार पाण्याची अंघोळ, वारा आणि सैल कपडे पुरेसे आहेत. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्यास आमसुलाचे पाणी लावण्याची रीत आहे. त्याने गारवा वाटतो आणि अपाय होत नाही. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने अंघोळ करण्यास हरकत नाही. कोरफडीचा गर वापरताना पान कापून पिवळा चीक निथळू द्यावा, कारण त्या चिकानेच कातडी चुरचुरते. कोणताही नवा पाला अगोदर हाताच्या आतल्या बाजूस थोडासा लावून एक दिवस वाट पाहावी.

आता सोडून द्यायचे उपाय. शेण व माती यांनी फुटलेल्या कातडीतून धनुर्वाताचे जंतू शिरू शकतात. चुना, रॉकेल, बॅटरीचे पाणी यांनी कातडी भाजते. कीटकनाशकाविषयी वर सांगितलेच आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

अंगावर गांधी उठून ओठ, पापण्या सुजल्या, श्वास लागला तर एक क्षणही दवडू नये. पुरळाबरोबर ताप आला, पू झाला, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, नवीन गोळ्या सुरू केल्यावर पुरळ उठले तर त्याच दिवशी दाखवावे. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने दुखरे फोड आले तर ती नागीण असते. तिचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे. मात्र तिच्यावरचे औषध तीन दिवसांच्या आत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते. मंत्र-उताऱ्यात ते तीन दिवस जाऊ देऊ नका. नागीण डोळ्याजवळ असेल तर दृष्टीला धोका असतो.

शेवटचे एक. जो चट्टा खाजत नाही, दुखत नाही, पण तेथे स्पर्श कळत नाही, त्याकडे दुर्लक्ष करू नये. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्यावर मोफत औषध मिळते आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो, हातापायांना व्यंग येत नाही. लाजेपोटी तो झाकून ठेवणे हेच त्यातले खरे नुकसान.

पिकावर डाग दिसला की आपण पान तोडून कृषी केंद्रात दाखवायला नेतो. रोग कोणता हे विचारल्याशिवाय औषध विकत घेत नाही. स्वतःच्या आणि मुलाबाळांच्या कातडीसाठी तेवढी चौकशी तरी करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.